छतालगतची पट्टी

माझे मोठे दीर सुतार. बाजारात त्यांना गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे सुतार काटकोन तपासायला लावतात ते अवजार. भाऊजींच्या मागच्या खिशात तो कायम असतो, आणि कुणाकडे चहाला गेले तरी दाराच्या चौकटीला तो लावून बघितल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसवत नाही. शेजाऱ्यांनी नवं घर घेतलं तेव्हा सगळे तोंडभरून कौतुक करत होते. भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला गुण्या लावला आणि "हं" एवढंच म्हणाले. शेजाऱ्यांनी पुढे कपाट बदललं आणि आमच्याशी बोलणंही कमी केलं.

त्यांना फट सहन होत नाही. दोन लाकडं जिथे मिळतात तिथे नख गेलं तर ते काम झालंच नाही, असा त्यांचा हिशोब. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या घरांत दारं, जिने आणि कपाटं बसवण्यात घालवलं, आणि एकाही घराने त्यांना खाली बघायला लावलं नाही. बोलणं मात्र मोजकं. जाऊबाई म्हणतात, "यांच्याकडून दोन वाक्यं काढायची तर आधी पटाशी लावावी लागते."

जाऊबाई पावाची गाडी चालवायच्या. पहाटे बेकरीतून निघायचं, दुकानादुकानांत पाव टाकायचे आणि दुपारी घरी. त्यांच्याइतकी शांत गाडी चालवणारी बाई मी पाहिली नाही. पाव दबला अशी तक्रार कधी आली नाही. भाऊजींना सायकलपलीकडे काही येत नाही. तरीही गाडी कुठे वळायची ते शेजारच्या सीटवर बसून भाऊजीच सांगणार, आणि जाऊबाई ऐकणार. याचा मला फार राग यायचा. मी गाद्या आणि सीट कव्हरं शिवते, माझं दुकान त्यांच्या वर्कशॉपला लागून आहे, त्यामुळे राग यायला मला लांब जावं लागत नाही.

कॅम्पर घेतली ती जाऊबाईंच्या ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण; आई लवकर गेल्यावर त्यांनीच जाऊबाईंना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. ताईंचं घर लांब, वाटेत मुक्काम करावाच लागतो, आणि भाऊजींना परक्या अंथरुणात डोळ्याला डोळा लागत नाही. एवढ्या एका कारणापायी या दोघी बहिणींची भेट वर्षानुवर्षं फोनवर चालली होती. "मग अंथरूणच बरोबर नेऊ," म्हणून जाऊबाईंनी पावाच्या गाडीचं काम सुटल्यावर एक जुनी कॅम्पर घेतली. आत एक पलंग, एक छोटा ओटा, दोन कपाटं आणि घडी होणारं टेबल. भिंती पातळ प्लायच्या, आणि भिंत जिथे छताला मिळते तिथे, खिडक्यांच्या कडेने आणि कोपऱ्यांतून लाकडी बिडिंग पट्ट्या मारलेल्या. त्यातल्या निम्म्या सुटून लोंबत होत्या.

भाऊजींनी गाडीत पाऊल टाकलं, वर बघितलं आणि "हं" म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच सुमारास ताईंचा फोन आला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक डाग धरला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं ते नेमकं डागात जायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाग वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही. ताई काही रडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघ बाई, अजून तोंडं दिसतात, जरा धुरकट. तुझं एकदा नीट बघून घ्यायचंय. यायचं तर आत्ता ये."

जाऊबाईंनी त्याच दिवशी टायर तपासून घेतले. पलंगाची नवी गादी मी दुसऱ्या दिवशी शिवून दिली. भाऊजींनी मात्र पट्ट्या काढायला घेतल्या.

इथे भाऊजींची बाजू सांगायला हवी, नाहीतर मी म्हणजे नुसती खाष्ट जाऊ ठरेन. लग्न ठरवायला भाऊजी ताईंच्या घरी गेले होते तेव्हा त्यांचं दार उंबऱ्याला घासत होतं. भाऊजींनी नमस्कार करायच्या आधी दार उतरवलं, रंधा मारला, परत बसवलं, आणि मग खाली बसले. ताई दार चार वेळा उघडून बंद करून बघत राहिल्या आणि आत जाऊन बहिणीला म्हणाल्या, "बोलत नाही. पण हात चांगला आहे. हो म्हण." भाऊजींच्या आयुष्यात त्यांना मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. आता त्याच ताईंपुढे ते लोंबत्या पट्ट्यांची गाडी घेऊन उभे राहणार? ताईंचे डोळे जायच्या आत त्यांनी आपलं काम बघावं, असं त्यांच्या मनात होतं. ते कुणाला बोलले नाहीत, पण मला कळत होतं.

त्यांनी सगळ्या पट्ट्या उतरवल्या, जुना गोंद खरवडला, पट्ट्या घासल्या, पॉलिश केल्या आणि घरात मारतात तशा मारल्या. मागे गोंदाची जाड रेघ, वरची कड छताला, खालची कड भिंतीला, दोन्हीकडे बारीक खिळे. काम बघण्यासारखं झालं होतं. कोपऱ्यातले जोड तर असे की बोट फिरवलं तरी कळू नये. जाऊबाईंनी किल्ली फिरवली आणि दोघं निघाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅम्पर परत दारात. मला वाटलं ताईंचं काही बरंवाईट झालं. पण भाऊजी उतरले ते हातात पट्टी घेऊन. आदल्या दिवशी सकाळी पलंगावरची, छतालगतची पट्टी कडकड आवाज करून सुटली होती आणि गादीवर पडली होती.

"म्हणून परत आलात?" मी विचारलं.

"हत्यारं इथे आहेत," भाऊजी म्हणाले.

"आणि ताई तिथे आहेत."

यावर ते वर्कशॉपमध्ये गेले. जाऊबाई स्टिअरिंगशी बसून होत्या. मी म्हटलं, "तुम्ही तरी कशाला वळवली?" त्या म्हणाल्या, "अगं, तो माणूस पट्टी मांडीवर घेऊन बसला होता. तोंड बघवेना."

दुसऱ्या वेळी गोंद दुप्पट, खिळे दुप्पट. भाऊजींना वाटत होतं, पकड कमी पडली. यावेळी ते बरेच पुढे गेले, अर्ध्याच्या वर, आणि तिथून परत आले. पट्टी सुटली नव्हती. पट्टीने धरून ठेवलं होतं आणि भिंतीच्या प्लायचा पापुद्राच ओढून काढला होता, आणि पट्टी स्वतः मधोमध तडकली होती. दुष्काळात तेरावा महिना. आता नुसती पट्टी नाही, भिंतही दुरुस्त करायची.

त्या दुरुस्तीला किती वेळ लागला ते मी सांगत बसत नाही. या काळात ताईंचे फोन येत राहिले. आधी म्हणाल्या, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही, आवाजावरून ओळखते. मग म्हणाल्या, आरशात खांदे दिसतात, तोंड दिसत नाही. जाऊबाई फोन ठेवून ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. भाऊजींना त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजी आणखी जाड लाकडाची पट्टी रंधत होते, आणि गोंद-खिळ्यांऐवजी आता स्क्रू आणले होते.

तिसऱ्या वेळी जाऊबाई माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तू चल. तुझ्यासमोर परत फिर म्हणायला त्यांना लाज वाटेल."

मी दुकानाला कुलूप लावलं. पुढे दोनच सीट, म्हणून मी मागे पलंगावर, मीच शिवलेल्या गादीवर. आणि मागे बसल्यामुळे एक गोष्ट झाली, जी त्या दोघांच्या बाबतीत कधीच झाली नव्हती. ते दोघंही कायम पुढे बसलेले. पट्ट्या सुटताना त्यांनी ऐकल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या.

पहिला दिवस गुळगुळीत गेला. दुसऱ्या दिवशी रस्ता खराब झाला. गाडी एका खड्ड्यातून तिरकी उतरली आणि मी आडवी पडल्या पडल्या बघितलं, तर भिंत एकीकडे गेली आणि छत दुसरीकडे. फार नाही, बोटाच्या पेराहून कमीच. मग दोन्ही परत जागेवर आली. पुढच्या खड्ड्यात तेच. सगळी गाडी पिळवटत होती, ओला कपडा हलका पिळावा तशी, आणि मधे ती जाड पट्टी दोघांना घट्ट धरून ताणली जात होती. तिच्यातून बारीक कुरकुर येत होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमची भिंत हलते."

"भिंत हलत नसते," ते पुढूनच म्हणाले.

"इथे येऊन बघा."

"पट्टी सुटली का?"

"सुटेल आता. आधी बघायला या."

जाऊबाईंनी गाडी बाजूला घेतली, आम्ही जागा बदलल्या. भाऊजी पलंगावर बसले नाहीत, खाली जमिनीवर बसले, पाठ कपाटाला लावून, मान वर करून. जाऊबाईंनी मुद्दाम रस्त्याच्या कडेकडेने, एक चाक वर एक चाक खाली अशी गाडी हळूहळू चालवली. मी पुढून वळून बघत होते. खरं सांगायचं तर मला मजा बघायची होती. इतके दिवस हा माणूस आम्हाला हैराण करत होता, आता त्याचं नाक खाली होणार होतं.

पण त्यांचं तोंड बघून मजा गेली. आयुष्यभर ज्याने भिंतीला टेकून काम केलं, त्याला भिंत चालताना दिसत होती. त्यांनी हात वर करून एक बोट छताला आणि अंगठा भिंतीला लावला आणि तसेच धरून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "थांबव."

जाऊबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "मी परत फिरणार नाही. ऐकताय ना? तुम्हाला उतरायचं तर उतरा, बसनं जा घरी. मी फिरणार नाही."

लग्नानंतर त्या त्यांच्याशी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"फिरवू नको," भाऊजी म्हणाले. "नुसती थांबव. हे माझंच चुकलंय. पट्टी दोन्हीकडे धरायला नको होती."

रस्त्याच्या कडेला, एका बंद पेट्रोल पंपाच्या शेडखाली त्यांनी काम केलं. पिशवीत पेचकस, कानस आणि एक छोटा हातोडा एवढंच होतं. खालच्या कडेचे स्क्रू त्यांनी सगळे काढून टाकले. पट्टी आता भिंतीला नुसती टेकणार, धरणार नाही. वरच्या कडेची भोकं कानशीने लांबट केली, म्हणजे स्क्रूला इकडेतिकडे सरकायला जागा. स्क्रू पूर्ण आवळून मग थोडे उलटे फिरवले. प्रत्येक स्क्रू उलटा फिरवताना त्यांचे दात एकमेकांवर दाबले जात होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या गादीखाली नमदा आहे ना?"

"नवा आहे."

"माहीत आहे."

मी गादी उलटी करून नमद्याची, त्या दाबलेल्या लोकरीच्या थराची, एक कड कापून दिली. त्याची लांब पट्टी करून त्यांनी लाकडामागे घातली, आवाज होऊ नये म्हणून. सगळं झाल्यावर पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी ती बघितली, गुण्या खिशातून अर्धा बाहेर काढला आणि परत आत ढकलला.

पुढे खड्डे आले, चढ आले, एक ओढा आला. पट्टी सरकत राहिली, पण सुटली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ताईंच्या दारात होतो.

ताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. जाऊबाई धावत गेल्या. ताईंनी मान वळवली, एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने, पक्षी बघतो तशी. पुन्हा वळवली. मग म्हणाल्या, "थांब, हलू नको." जाऊबाई हलल्या नाहीत. ताईंनी खूप प्रयत्न केला. शेवटी त्यांनी हात पुढे केले आणि बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"खांदे दिसतात तुझे," त्या म्हणाल्या. "मागचा रस्ता दिसतो, गाडी दिसते. तोंड, डोकं तेवढं नाही दिसत गं. मागच्या महिन्यापर्यंत होतं थोडं."

जाऊबाईंनी विचारलं नाही की मागचा महिना म्हणजे कधी. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

"केस पांढरे झाले का?" ताईंनी विचारलं.

"नाही अजून," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं डोकं कापसासारखं पांढरं आहे.

मग ताईंना गाडी बघायची होती. त्यांना हात धरून आत आणलं. त्या पलंगावर बसल्या, मान तिरकी करून वर बघितलं. भाऊजी दारातच उभे होते, शाळेत निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

"पट्ट्या तुम्ही बसवल्या का हो?"

"हो, ताई."

"जरा वाकड्या गेल्यात का? नागमोडी दिसतायत."

पट्टी सुतासारखी सरळ होती. तो दोष त्यांच्या डोळ्यांचा होता. त्या आजारात सरळ रेघ अशी दिसते म्हणे. ज्या माणसाने शेजाऱ्यांचं कपाट एका "हं"वर बदलायला लावलं, त्याच्या कामाला समोरासमोर कुणी वाकडं म्हणत होतं.

"हो," भाऊजी म्हणाले. "थोड्या वाकड्या गेल्या."

संध्याकाळी ताई घरात आडव्या झाल्या होत्या. आम्ही तिघं कॅम्परमध्ये चहा घेत होतो. जाऊबाई कपाकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या खेपेला तुम्ही ती पट्टी मांडीवर घेऊन इथपर्यंत आला असतात, तरी चाललं असतं. तिने मला बघितलं असतं."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या जिभेवर भाऊजींसाठी बरंच काही तयार होतं, पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हो. बघितलं असतं." कारण दिलं नाही, ताईंना काम दाखवायचं होतं हेही सांगितलं नाही. मी माझा चहा संपवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणाल्या, "मला फिरवून आणा. गाडी कशी चालते बघू." जाऊबाई स्टिअरिंगवर बसल्या, मी शेजारी. ताई मागे पलंगावर, आणि त्यांचा तोल जाऊ नये म्हणून भाऊजी त्यांच्याजवळ. मधल्या आरशात भाऊजींना जाऊबाईंचं तोंड दिसत होतं आणि मला भाऊजींचं. गाडी ताईंच्या गल्लीतून निघाली, दुकानांवरून गेली, शाळेच्या कुंपणाला वळसा घातला. मग ताई हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाल्या, "कशी दिसते हो ती आता?"

मला वाटलं, झालं, आता "हं" येणार. भाऊजी आरशात बघत होते, एखादं माप घेताना बघतात तसं, पापणी न हलवता.

"केस पांढरे आहेत," ते म्हणाले. "सगळे. डाव्या कानामागे एक काळी बट राहिलीय."

जाऊबाईंचा हात स्टिअरिंगवरून कानामागे गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. मी बघितलं. होती. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी घालवून मला ती माहीत नव्हती.

"मला म्हणाली, पांढरे नाहीत."

"तिने तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असेल. कपाळावर आडव्या रेघा आहेत, मधली अर्धवट. डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे."

"ती लहानपणापासूनच," ताई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"गाल खाली आलेत थोडे. हनुवटीखाली सैल झालंय. ओठ तेच आहेत, दाबून धरायची सवय आहे. उन्हात गाडी चालवून उजव्या गालाला डाव्यापेक्षा जास्त ठिपके पडलेत." भाऊजी थांबले. मी त्यांना सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दिसायला चांगली आहे, ताई. पहिल्यापेक्षा चांगली आहे."

"आणि आत्ता? आत्ता काय करतेय?"

"रडतेय," भाऊजी म्हणाले. "पण गाडी नीट चालवतेय."

ताईंनी चाचपडत त्यांचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. "सांगा अजून," त्या म्हणाल्या.

गल्ली संपली, ताईंचं घर आलं. जाऊबाईंनी गाडी थांबवली नाही. घरावरून तशीच पुढे काढली आणि पुन्हा दुकानांच्या रस्त्याला लागल्या.